पाठांतर कमी करा, कपाटासमोर जास्त वेळ उभ्या राहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई बँकेतून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. शिक्षण वाणिज्य शाखेचं, आवड इतिहासाची. नाशिकमधल्या एखाद्या संग्रहालयात आठवड्यातून दोन दिवस, पैसे न घेता, येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम करावं असं त्यांच्या मनात आहे. सातवाहनांवर वाचून दोन वह्या भरल्यात. त्या विचारतात, एवढा अभ्यास पुरेल का? इतिहासाची पदवी नाही म्हणून नको म्हणतील का? आणि चार लोकांसमोर बोलताना घसा कोरडा पडतो, त्याचं काय करू?

ताई, तिन्हींची उत्तरं देतो. पण आधी एक सांगतो, तुमची खरी अडचण अभ्यासाची नाहीच. हौसेनं दोन वह्या भरणारी व्यक्ती अभ्यासात कमी पडत नाही. त्या वह्यांतलं काय सांगायचं आणि काय गिळून टाकायचं, हे अजून ठरलेलं नाही, अडचण ती आहे. मी बरीच वर्षं हे काम करतोय, नव्या स्वयंसेवकांना तयारही करतो. ज्यांना कमी माहिती असते ते सहसा निभावून नेतात. ज्यांना फार माहिती असते त्यांच्यासमोरून लोक हळूच सटकतात.

कारण साधं आहे. आपल्याकडे संग्रहालयात येणारा माणूस ऐकायला आलेला नसतो. रामकुंड, काळाराम झालं, गाडीला अजून वेळ आहे. घरी पाहुणे आलेत, त्यांना कुठंतरी न्यायचंय. शाळेची सहल आहे आणि सरांनी यादीत नाव टाकलंय. असा माणूस दारातून आत येतो, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, किती वेळ लागेल? त्याला तुम्ही 'सातवाहन घराण्याचा कालखंड' म्हणून सुरुवात केलीत की तो मान डोलावतो, पण नजर पुढच्या दालनाकडे जाते. आपलं काम त्याची नजर वस्तूवर आणून थांबवायचं. नजर थांबली की प्रश्न तोच विचारतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस ऐकतोच.

उदाहरण देतो. आमच्याकडे एका कपाटात चांदीचं एक छोटं नाणं आहे, अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं. चिठ्ठीवर लिहिलंय, 'क्षत्रप नहपान, गौतमीपुत्र सातकर्णीने पुनर्मुद्रित केलेले'. दहातले नऊ जण ती चिठ्ठी वाचून पुढे जातात. मी काहीच सांगत नाही. भिंग देतो आणि म्हणतो, या नाण्यावर दोन राजे आहेत, दुसरा शोधा. मग गंमत सुरू होते. आधी तीन कमानींच्या डोंगरासारखी खूण दिसते. मग कुणीतरी, बहुतेक वेळा लहान मूलच, म्हणतं, 'इथं नाक आहे!' खरंच असतं. डोंगराच्या खुणेच्या कडेनं चेहऱ्याची रेघ उतरते, नाकाचा शेंडा दिसतो, मागे केसांच्या बारीक रेषा दिसतात. तो नहपान, क्षत्रप म्हणवणाऱ्या शक घराण्यातला राजा. त्याच्या तोंडावर सातवाहन राजा सातकर्णीचा शिक्का बसलाय.

आता मी एक वाक्य बोलतो: नहपानाला हरवल्यावर सातकर्णीनं त्याचीच चांदीची नाणी गोळा करून वर आपला छाप मारला. आणि विचारतो, वितळवून नवी का नाही पाडली? मुलं म्हणतात, वेळ नसेल. कुणी म्हणतं, मुद्दाम, लोकांना कळावं म्हणून. एखादे काका नोटाबंदीवर जातात, जुन्या नोटा रद्दच करून टाकायच्या की. या गप्पांत पाच मिनिटं सहज जातात. त्यानंतर मी सांगतो की १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगळटेंभीला, नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. तेरा हजारांवर नाणी होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा छाप होता. हा आकडा सुरुवातीला सांगितला असता तर एका कानानं आत येऊन दुसऱ्या कानानं बाहेर गेला असता. नाक सापडल्यावर सांगितला की माणूस परत एकदा वाकून बघतो.

म्हणून किती अभ्यास पुरेल, याचं माझं उत्तर असं: चाळीस मिनिटांच्या फेरीत पाच-सहा वस्तू. त्याहून जास्त नाही. त्या पाच-सहा वस्तूंची मात्र नस न नस माहीत हवी. कशाची आहे, कशी बनवली, कुठं झिजलीय, तुटलेला भाग कसा तुटला असेल, मागची बाजू कशी आहे. सकाळी दार उघडल्यावर लोक यायच्या आत त्या वस्तूसमोर पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. मोबाइल पर्समध्ये. पहिल्या दिवशी कंटाळा येईल. आठवड्याभरानं असं काहीतरी दिसेल जे तुमच्या दोन्ही वह्यांत नाही. फेरीची सुरुवात तिथून करा.

वह्या फेकू नका, त्या लागतात. पण त्या घरच्या अभ्यासासाठी.

आता तुमच्या वाणिज्य शाखेबद्दल. तुम्ही ती अडचण म्हणून लिहिलीय. मी तर म्हणेन की नाशिकच्या इतिहासाला बँकेतलाच माणूस हवा होता. पांडवलेण्यांत, म्हणजे नाशिकच्या बौद्ध लेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, त्या वेळच्या कालगणनेतल्या बेचाळिसाव्या वर्षाचा. वाचलाच असेल. बहुतेक गाइड 'त्यानं भिक्षूंना दान दिलं' एवढं सांगून पुढे जातात. पण लेखात काय आहे बघा. त्यानं ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. त्यातली २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. उरलेली १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायची.

हिशेब करा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, २४०. पैचाही फरक नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे जुळवलंय आणि दगडात कोरून ठेवलंय, म्हणजे पुढे कुणी व्याज बुडवायला नको. याच लेखात सोन्याच्या नाण्याचा भावही आहे, एका सुवर्णाला ३५ कार्षापणं. हे तुम्ही सांगितलंत, वर 'मी तीस वर्षं मुदत ठेवींच्या टेबलावर होते' असं एक वाक्य टाकलंत, तर समोरचा व्यापारी माणूस हलणार नाही. तो विचारेल, दोन श्रेणींना दोन वेगळे दर का? लेखात कारण दिलेलं नाही. तिथं तुमचा अनुभव बोलू द्या, फक्त 'हा माझा अंदाज' असं आधी म्हणा. गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे, तेही सांगा. नाशिककरांना आपल्या ओळखीचं नाव ऐकलं की बरं वाटतं.

इतिहासाची पदवी नसलेले, पण आपल्या धंद्यातून एखादी वस्तू उलगडून सांगणारे लोक संग्रहालयाला फार उपयोगी पडतात. तांबट घरातला माणूस भांड्यावरचे ठोके बघून जे सांगतो ते पुस्तकात मिळत नाही. पैठणीच्या मागावर हात बसलेली येवल्याची बाई जुन्या पदराबद्दल बोलायला लागली की अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारे अधिकारी, तेसुद्धा वही काढतात.

घेतील का, हे मात्र संग्रहालयावर अवलंबून आहे, आणि इथं सरसकट उत्तर देता येणार नाही. सराफ बाजारातला सरकारवाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. अशा ठिकाणी कोणत्याही कामाला लेखी परवानगी लागते आणि कागद वरपर्यंत जाऊन येतो, त्याला वेळ लागतो. चिकाटी ठेवा. अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून आहे. नाण्यांची खरी गोडी असेल तर तिथल्यासारखी शिकायची जागा नाही, पण शहरातून त्र्यंबक रस्त्यानं रोजचं जाणं-येणं जमणार आहे का ते आधी बघा. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय खासगी आहे आणि तिथं इतिहास नाही, दगड आहेत. आपल्या काळ्या कातळात, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत, गरम पाणी झिरपून तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक. तिथंही युक्ती तीच चालते. आधी स्टिल्बाइट या झिओलाइटचा पंख्यासारखा स्फटिक बघू द्या, कातळाच्या वयाची सहा-साडेसहा कोटी वर्षं नंतर सांगा. लष्कराच्या तोफखाना संग्रहालयाचं काम त्यांच्या शिस्तीनं चालतं, तिथं बाहेरच्या स्वयंसेवकाची फारशी अपेक्षा धरू नका. विश्वस्त संस्थांची छोटी संग्रहालयं सगळ्यात सोपी. अभिरक्षक किंवा कार्यवाह यांना भेटलात की काम होतं किंवा होत नाही, पण त्याच आठवड्यात कळतं.

पांडवलेण्यांवर मात्र स्वतःहून उभ्या राहू नका. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. गाइड म्हणून काम करायचं तर परवान्याचे नियम आहेत, आणि फुकट करत असलात तरी तिथल्या कार्यालयात आधी बोलून घेतलेलं बरं. शिवाय तिथं ज्यांचं पोट या कामावर आहे असे लोक असतात, त्यांच्या गिऱ्हाइकाला तुम्ही फुकटात सगळं सांगायला लागलात तर तो राग रास्त आहे.

घसा कोरडा पडण्याचं काय करायचं? पाणी दालनाबाहेर पिऊन या, आत बाटली नेऊ देत नाहीत. हे झालं घशाचं. भीतीचं औषध असं की उभं राहायची जागा बदला. नवीन माणूस वस्तूकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभा राहतो, वर्गात राहतात तसा. मग वीस डोळे तुमच्या चेहऱ्यावर येतात आणि वस्तू तुमच्या पाठीमागे झाकली जाते. त्याऐवजी कपाटाच्या बाजूला, थोडं तिरकं उभ्या राहा आणि स्वतः वस्तूकडे बघत बोला. लोकांची नजर तुमच्या नजरेमागे जाते. तुमच्याकडे कुणी बघतच नाही. चार फेऱ्यांत धडधड कमी होते. पहिलं वाक्य तेवढं पाठ करून ठेवा, पुढचं आपोआप येतं. बोट काचेला लावायचं नाही, डाग पडतात. तळहात उघडा ठेवून दाखवायचं.

मध्येच कुणी निघून गेलं तर मनाला लावून घेऊ नका. लघवीला जायचं असेल, गाडी चुकत असेल, कंटाळाही आला असेल. तुम्ही उरलेल्यांसाठी बोलत राहा.

शाळेची सहल हे वेगळं प्रकरण आहे. पन्नास-साठ मुलं एकदम आत आली की कुणाचंच काही चालत नाही. आधी शिक्षकांना बाजूला घ्या आणि दोन गट करायला सांगा, एक गट अंगणात डबे खाईल, दुसरा आत येईल. मुलांच्या हातात वही असली तर ती सगळ्या चिठ्ठ्या उतरवत सुटतात, कारण सरांनी 'दहा वाक्यं लिहा' म्हणून बजावलेलं असतं. मी दारातच सांगतो, वह्या दप्तरात टाका, दहा वाक्यं मी शेवटी सांगीन. आणि खरंच सांगतो, शब्द पाळावा लागतो. मग एकेका मुलाला एकेक काम देतो. तू तुटलेला हात असलेली मूर्ती शोध, तू हत्ती शोध, तू सगळ्यात छोटी वस्तू शोध. मागच्या बाकावरची मुलं यात सगळ्यात पुढे असतात, हे शिक्षकांना दरवेळी नवल वाटतं.

प्रौढांचे प्रश्न ठरलेले असतात. त्यांची तयारी करून जा. 'हे खरं आहे का?' म्हणजे मूळ वस्तू की प्रतिकृती. प्रतिकृती असेल तर सरळ सांगा, लपवू नका. 'आता कितीला जाईल?' याचं उत्तर कधीही आकड्यात देऊ नका. मी म्हणतो, ही विकताच येत नाही, आणि ती कुठं सापडली याची नोंद हीच तिची किंमत. 'पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली ना?' असं कुणी आजी म्हणाल्या तर हसू नका. लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच सांगत आलेत, हे मान्य करा. मग म्हणा, पण लेण्यातल्या लेखांत ज्यांनी खर्च केला त्यांची नावंच दिलीत, ऐकायचीत का? सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिनं आपल्या मुलाबद्दल काय कोरून घेतलंय ते सांगितलंत तर आजी पांडव विसरतात. आईनं मुलाचं कौतुक केलेलं त्यांना लगेच भिडतं.

एक जपायची गोष्ट. आपल्या लेखी जे 'शिल्प' ते समोरच्याच्या लेखी देव असू शकतं. विष्णूच्या मूर्तीसमोर कुणी चप्पल काढून हात जोडले, किंवा बुद्धमूर्तीसमोर कुणी वंदन करत उभं राहिलं, तर त्या वेळी कालखंड, शैली, दगडाचा प्रकार काहीही बोलू नका. त्यांचं झालं की तेच तुमच्याकडे वळतात. जात, धर्म, पक्ष यावर वाद पेटायला नाशिकमध्ये वेळ लागत नाही. तुम्ही वस्तूवर जे दिसतं आणि लेखात जे वाचता येतं तेवढ्यावर पाय रोवून उभ्या राहा.

आणि हे हमखास होणार: कुणीतरी आजीच्या पेटीतलं किंवा शेतात सापडलेलं नाणं रुमालात बांधून आणेल. खरं-खोटं सांगू नका, भाव तर मुळीच नाही. चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका एवढं नक्की सांगा, घासलं की अक्षरं जातात. जमिनीत पुरलेलं काही सापडलं असेल तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे ऐकून पुष्कळ जण रुमाल परत खिशात घालतात. घालू द्या. पण अभिरक्षकांना त्याच दिवशी सांगा.

दालनात बसणारे शिपाई आणि पहारेकरी यांच्याशी आधी जुळवून घ्या, साहेबांशी नंतर. कोणतं कपाट पावसात गळतं, कोणता दिवा कधी जातो, कुणी काचेवर टेकतं, हे त्यांनाच माहीत असतं. काही जण येणाऱ्याला चार गोष्टी सांगून चहापुरते पैसे मिळवत असतात. तुम्ही फुकट सांगायला लागलात की ते बंद होतं, ही गोष्ट डोळ्याआड करू नका. मी नव्या स्वयंसेवकांना सांगतो, त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट आपल्या फेरीत घ्या आणि लोकांसमोर त्यांचं नाव घेऊन सांगा. लोकांकडून बक्षिसी आली तर घेऊ नका, दानपेटी दाखवा.

अर्ज एका पानाचा करा. त्यात 'इतिहासाची प्रचंड आवड' असं लिहू नका, सगळेच लिहितात. वार आणि वेळ लिहा, मंगळवार-शुक्रवार, अकरा ते दोन असं काहीतरी. किती महिने नक्की येणार ते लिहा. संग्रहालयांना स्वयंसेवकांचा एकच जाच होतो, दोन आठवडे उत्साह आणि नंतर लग्नसराई. हिंदी बरी बोलता येत असेल तर ठळक लिहा. एरवीही यात्रेकरूंमुळे निम्मं काम हिंदीत चालतं, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या वेळी तर मराठी बोलायची पाळी क्वचितच येईल. ओळखपत्र मागून घ्या, त्याशिवाय दालनात कुणाला काही सांगायला लागलात तर पहारेकरी हटकणारच, आणि त्यानं हटकायलाच हवं.

पावसाळ्यात जा. जून-जुलैत गर्दी नसते, अभिरक्षकांना बसून बोलायला वेळ असतो. दिवाळीनंतर सहलींचा हंगाम लागतो, तो जानेवारीपर्यंत श्वास घेऊ देत नाही, तेव्हा नव्या माणसाला शिकवायला कुणी मोकळं नसतं. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हेलपाटा पडू देऊ नका. आणि रबरी तळव्याचे बूट घाला. फरशीवर तीन तास उभं राहिल्यावर पाय बोलायला लागतात.